प्लास्टिकमधले सात दाखले

"अदी, ओरिजिनल नको. ओरिजिनलला हात पण लावू नको. झेरॉक्स काढ, आणि झेरॉक्सला प्लास्टिक घाल," मधुशेठ म्हणाला होता. लॅमिनेशनचं यंत्र तापलेलं, त्याच्या हातात प्लास्टिकचं पाकीट, आणि पाकिटात शाळा सोडल्याचा एक दाखला अर्धा आत, अर्धा बाहेर.

अदी म्हणजे सिंधीत ताई. उल्हासनगर कॅम्प नंबर तीनच्या त्या गल्लीत मधुशेठ सगळ्याच बायकांना अदी म्हणायचा. त्यामुळे शलाकाला त्या हाकेत काही विशेष वाटलं नाही, आणि सल्ल्यातही वाटलं नाही. झेरॉक्सचे वेगळे पैसे, प्लास्टिकचे वेगळे. दुकानदार दुसरं काय सांगणार, असं तिनं मनातल्या मनात ठरवून टाकलं.

"शेठ, झेरॉक्सला ऑफिसात कोण विचारतं? तुम्ही घाला ओरिजिनलच."

"सातों?"

"सातही. आणि हे पण." तिनं पर्समधून आणखी एक कार्ड काढून ठेवलं. तिच्या तीन वर्षांच्या यशूचं, म्हणजे यशोधराचं, लसीकरणाचं कार्ड.

मधुशेठनं चष्म्याच्या वरून तिच्याकडे पाहिलं. "पढेलिखे लोग," तो यंत्राला उद्देशून म्हणाला, "ऐकत नाय कुणाचं." आणि त्यानं दाखला आत सरकवला.

सातवा दाखला बाहेर आला तेव्हा कैलास तिथंच उभा होता. गल्लीच्या मागं जीन्स धुण्याचा कारखाना होता, तिथं तो कामाला. बोटं कायमची निळी. त्याची मुलगी पद्मजा सातवी पास झाली होती. दाखला अजून गरम होता. त्यानं तो शर्टाला पुसला आणि छातीशी धरला. "आता पन्नास वर्षं काय होत नाय याला," तो म्हणाला. शलाकाला इतकं बरं वाटलं, की परतीच्या शेअर रिक्षात तिनं मांडीवरच्या यशूची दोन वेळा उगाचच पापी घेतली.

तिचं हे प्लास्टिकचं वेड आलं होतं पाण्यातून. आदल्या वर्षीच्या सव्वीस जुलैला उल्हास नदी बदलापूरच्या बेलवलीत शिरली तेव्हा शलाका, तिचा नवरा राजरत्न, सासू द्रौपदी आणि दोन वर्षांची यशू अशी चौघं विहाराच्या वरच्या मजल्यावर दीड दिवस बसून होती. तळमजल्याचं घर. पाणी ओसरल्यावर आत गेले तर लोखंडी कपाट आडवं झालेलं आणि त्यातली फाईल म्हणजे गाळाचा एक गोळा. शलाकाची बी.कॉम.ची पदवी, राजरत्नचा आयटीआयचा कागद, यशूचा जन्मदाखला, सगळ्याचा मिळून एकच लगदा. द्रौपदीबाईंनी त्यातले सुटतील तेवढे कागद दोरीवर चिमट्यांनी वाळत घातले होते. वाळले, पण अक्षर एकावरचं उरलं नव्हतं. मग दुय्यम प्रतीसाठी विद्यापीठात, नगरपालिकेत, तहसीलमध्ये हेलपाटे. आठ महिने गेले.

तेव्हापासून घरात जो कागद येईल तो प्लास्टिकमध्ये. रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक, राजरत्नच्या कंपनीचं नेमणूकपत्र.

"लाईट बिल पण?" राजरत्ननं एकदा विचारलं होतं.

"भरल्याचा पुरावा आहे तो."

"मग मलाही एकदा घालून आण. अंबरनाथच्या पावसात रोज भिजतो."

"त्याला मोठं मशीन लागेल," द्रौपदीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

या घरात सात मुलांचे दाखले कसे आले, ती गोष्ट बनूबाईपासून सुरू होते.

बनूबाई बारवी धरणाकडच्या पाड्यावरून एसटीनं यायची. डोक्यावर पाटी, पाटीत ऋतूप्रमाणे जे असेल ते. पण तिचं खरं नाव होतं सोललेल्या वालांसाठी. वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलून ती बेलवलीत घरोघर द्यायची. शलाकाच्या हातून डाळिंबी हमखास फुटायची, दोन भाग व्हायची, कधी साल निम्मी राहायची. बनूबाईच्या अंगठ्याखालून मात्र दाणा अखंड सटकायचा, जणू सालीलाच सुटायची घाई असावी.

मे महिन्यात तिनं पाटीतल्या कोथिंबिरीखालून घडी केलेला एक कागद काढला. "बाय, यावर काय लिवलाय ते वाच. पोरीचं हायस्कूलचं हाय."

पोर म्हणजे तिची नात वैष्णवी. पाड्याजवळची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला बदलापूर, नाहीतर अंबरनाथ, नाहीतर घर. आणि शहरातली हायस्कूलं पाचवीपासूनच भरत आलेली असतात. आठवीत नव्या मुलांसाठी उरतात त्या फक्त कुणाची बदली झाली, कुणी गाव सोडलं, अशा रिकाम्या झालेल्या दोन-चार जागा. त्या कुठं आहेत हे कुठल्याच फळ्यावर लिहिलेलं नसतं.

शलाकाला सगळ्या गोष्टींची धास्ती वाटायची. गॅसचा नॉब ती तीनदा बघायची, यशू झोपली तरी तिच्या नाकापुढं बोट धरून बघायची. पण या धास्तीचा एक उपयोग होता. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. यशूला कडेवर घेऊन ती बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर अशी अकरा हायस्कूलं फिरली. एका वहीत तिनं लिहून ठेवलं की आठवीत जागा किती, फी माफ कुणाला, खिडकी किती वाजता उघडते आणि खरोखर किती वाजता उघडते, बारवीची एसटी किती वाजता पोचते आणि शाळेची घंटा किती वाजता होते. बनूबाईनं ही वही पाहिली, आणि पुढच्या आठवड्यात तिच्यासोबत पाड्यावरची आणखी एक आई आली. मग विहारात कुणीतरी बोललं. मग कैलास आला, कॅम्प तीनहून, कुणाच्या तरी मेहुण्याकडून ऐकून.

दर रविवारी ओटीवर चपलांचा ढीग. द्रौपदीबाई चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणायच्या, "बोर्ड लावून टाक बाहेर. आणि खाली लिही, चहा सासूकडून."

पण चहा त्या कधी कमी करत नसत.

वैष्णवी एकदाच आली होती. बारा वर्षांची, दोन वेण्या, उन्हानं तांबूस झालेली. बनूबाईच्या मागं उभी राहिली. शलाकानं विचारलं, "शाळेबद्दल काही विचारायचंय तुला?" तर वेणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, तिथं प्रयोगशाळा हाय ना? खरीवाली? आमच्या पुस्तकात चित्र हाय नुसतं."

"आहे. मी खिडकीतून पाहिलीये. बाटल्या आहेत ओळीनं."

पोरीनं मान हलवली. शाळा तिच्यापुरती तिथंच ठरली. बदलापुरातलं स्टेशनपलीकडचं ते अनुदानित हायस्कूल. आठवीत मुलींच्या जागा चार, त्यातली एक वैष्णवीला द्यायचं त्यांनी तोंडी कबूल केलं होतं. शनिवार दहा जूनच्या दुपारी बारापर्यंत मूळ दाखला आणून द्यायचा. नाही दिला तर जागा पुढच्या नावाला.

जाताना बनूबाई दारात थांबली. "बाय, एक सांगते. ह्या साली गेली तर गेली. तिचा बाप बोलतो, एक साल घरी बसली की मंग कशाला शाला. शेतीला हात पायजेच हाय त्याला."

म्हणून शलाकानं जपणूक केली. म्हणून तर ती सगळ्यांचे दाखले मागून घेऊन मधुशेठकडे गेली होती. पाड्यावरचं छप्पर गळतं, चाळीत पाणी शिरतं, मूल कागदाची होडी करतं. काय काय होऊ शकतं याची तिच्याकडे मोठी यादी होती. एक गोष्ट त्या यादीत नव्हती.

ती तिला सोमवारी कळली, आणि तीही पूर्ण नाही. यशूचा डोस राहिला होता. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी इंजेक्शन दिलं, यशूनं आकाशपाताळ एक केलं, आणि नर्सबाईंनी पेन उघडून कार्ड पुढं ओढलं. पेन चकचकीत प्लास्टिकवरून घसरलं. पुन्हा ओढलं. पुन्हा घसरलं.

"हे काय केलंत?"

"खराब होऊ नये म्हणून."

"बरं. आता डोस कुठं लिहू? पोरीच्या कपाळावर?"

रांगेतल्या बायका हसल्या. शलाकाही हसली. नर्सबाईंनी कुरकुरत नवं कार्ड भरून दिलं. पण घरी येताना शलाका ते जुनं कार्ड उलटसुलट करून बघत राहिली. कार्डावर अजून लिहायचं बाकी असतं. दाखल्यावर काय लिहायचं असतं? तो तर लिहून पुरा झालेला कागद. असं तिनं स्वतःला समजावलं, आणि रात्रीचा स्वयंपाक जरा जास्तच खारट केला.

शुक्रवारी सकाळी अकराला ती, बनूबाई आणि वैष्णवी हायस्कूलच्या खिडकीशी उभ्या होत्या. आत म्हात्रे मॅडम. म्हात्रे मॅडम वीस वर्षं त्या खुर्चीत होत्या, आणि समोरच्या माणसाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातातल्या कागदाकडे बघायची त्यांना सवय होती. त्यांनी दाखला घेतला. उलटा केला. सुलटा केला. नखानं कडा खरवडली.

"कुणी केलं हे?"

"मी," शलाका म्हणाली.

"शिकलेल्या दिसता."

"बी.कॉम."

"हं." म्हात्रे मॅडमनी गोल शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला आणि दाखल्याच्या मागच्या बाजूला हवेतच धरून दाखवला. "इथं आमच्या शाळेचा शिक्का येतो. त्याखाली रजिस्टर नंबर. त्याखाली मुख्याध्यापकांची सही. एका दाखल्यावर पोर दोन शाळांत जाऊ नये म्हणून. आता प्लास्टिकवर शाई कशी धरेल, ते तुम्हीच सांगा."

"कागदाचा तुकडा चिकटवला तर?"

"उद्या तो कुणीही काढेल. आणि खाडाखोड आहे की नाही ते मी प्लास्टिकवरून कसं तपासू? नाही चालायचं. मूळ दाखला उघडा हवा. नाहीतर शाळेकडून दुय्यम प्रत आणा. उद्या बारापर्यंत."

"मॅडम, एक दिवसात दुय्यम प्रत…"

"मला माहीतेय एक दिवसात होत नाही." आता पहिल्यांदाच त्यांनी वर पाहिलं, शलाकाकडे नाही, वैष्णवीकडे. "माझ्याकडे पाच नावं वाट बघतायत गं. मी काय करू?"

तिघी पॅसेजमध्ये आल्या. प्रयोगशाळेची खिडकी पॅसेजच्या टोकाला होती. पोर तिथवर चालत गेली, आत बघितलं आणि परत आली. तेवढंच. शलाकाला वाटलं, ही रडली असती तर बरं झालं असतं.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून तिनं पाड्याच्या शाळेतल्या आण्णा गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकलं.

"दुय्यम प्रत देतो. पण अर्ज लागेल, प्रतिज्ञापत्र लागेल, वर साहेबांकडे जाईल. पंधरा दिवस धरा."

"गुरुजी, हरवला असं लिहून आजच्या आज…"

"हरवलाय?"

"नाही."

"कुठंय?"

"माझ्या हातात."

"बाई, मुलीच्या नावानं पहिलंच कागदपत्र जाणार तर त्यात मी खोटं लिहू? तुम्हीच विचार करा."

शलाकानं फोन ठेवला. तिला राग आला नाही. गुरुजींचं बरोबर होतं, हेच वाईट होतं. ती बूथच्या पायरीवर बसली. "आजी, माझ्यामुळं झालं हे. त्या शेठनं सांगितलं होतं मला. तोंडावर सांगितलं होतं, आणि मला वाटलं तो धंदा करतोय."

बनूबाईनं पाटी खाली ठेवली. दाखला हातात घेतला, उन्हात धरला, वाकवला. प्लास्टिकची कड तिनं अंगठ्याच्या नखानं चाचपली, आणि दोन-तीन वेळा चाचपत राहिली.

"बाय, हे चिकटवला कसा?"

"गरम करून."

"मंग गरम केला की सुटल. चल तुझ्या शेठकडं."

मधुशेठनं तिघींना गल्लीच्या तोंडापासूनच येताना पाहिलं. शलाकाच्या हातातला दाखला पाहिला. फक्त स्टूल पुढं केलं आणि शेजारच्या चहावाल्याला बोटांनी चार दाखवले.

"शेठ, तुम्ही सांगितलं होतं."

"वो छोडो. चाय पियो."

"निघेल का?"

त्यानं मान डावी-उजवी केली. हो आणि नाही दोन्ही. "परत मशीनमधून काढायचा, गरम गरम असताना खेचायचा. माझ्या हातून दहातले चार फाटतात. जुना कागद, कमजोर कागद. म्हणून तर बोलतो ओरिजिनल नको." मग त्यानं वर बघितलं. पंखा थांबला होता. "आणि मशीन कुठून चालवू? लाईट गेली. पाच वाजेपर्यंत लोडशेडिंग."

आता मात्र शलाकाचे डोळे भरून आले. यशूला सासूकडे ठेवून आली होती, पाचनंतर परतायला उशीर, उद्या बारा वाजता सगळं संपणार. बनूबाई तिच्याकडे न बघता समोर बघत होती. समोरच्या गाळ्यात जीन्सच्या थप्प्या लागल्या होत्या आणि एक माणूस इस्त्री मारत होता. लाईट नव्हती तरी मारत होता. कोळशाची इस्त्री, वर लाकडी मूठ, कडेच्या भोकांतून लाल निखारा दिसत होता.

"ती इस्त्री देईल का तो?" बनूबाईनं विचारलं.

मधुशेठ हसला. "अरे वाह, आजी!" आणि गल्ली ओलांडून गेला.

मधुशेठच्या काउंटरवर जुनं वर्तमानपत्र, त्यावर सुती फडकं, फडक्यावर दाखला पालथा. मधुशेठनं इस्त्री धरली; उष्णता किती द्यायची ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. वर आणखी एक फडकं ठेवून त्यानं इस्त्री टेकवली, मोजून उचलली. शलाका कडा धरायला पुढं झाली.

"तू नको बाय," बनूबाई म्हणाली. "तुझी डाळिंबी फुटते."

तिनं पदराला हात पुसले. डाव्या हातानं दाखला सपाट धरला, उजव्या अंगठ्याचं नख कोपऱ्याच्या आत शिरवलं आणि वरची साल उचलली. ओढली नाही. वालाची साल कुणी ओढत नाही. दाण्याला हलका दाब दिला की ती आपण होऊन मागं सरते. बनूबाई तसाच दाब देत राहिली, कागदाला, प्लास्टिकला नाही. एक बोटभर सुटलं. "आता परत," ती म्हणायची, आणि मधुशेठ इस्त्री टेकवायचा. एक बोटभर आणखी. इस्त्रीवाला आपलं काम सोडून बघायला आला, त्याच्यामागं दोन शिलाईवाले.

"आजी, धीरे से," एकजण म्हणाला.

"तू तुझा पायजमा शिव," बनूबाई मान वर न करता म्हणाली.

डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात कागद जरा फुलला, आणि नखाएवढा एक तुकडा प्लास्टिकबरोबर गेला. शलाकाच्या तोंडून आवाज निघाला. मधुशेठ वाकून बघायला गेला. कोपरा कोरा होता. अक्षर तिथवर आलंच नव्हतं.

वैष्णवी सगळा वेळ काउंटरच्या दुसऱ्या टोकाला हनुवटी टेकून बघत होती. अर्ध्यावर आल्यावर ती हळूच म्हणाली, "आजी, पुढचा प्लास्टिक राहू दे ना. शिक्का मागंच मारतात."

सगळे थांबले. मधुशेठनं इस्त्री बाजूला ठेवली. खरंच की. पुढच्या बाजूला नाव, जन्मतारीख, जे जपायचं ते; ते तसंच राहिलं तर काय बिघडतं? पण शलाकाला म्हात्रे मॅडमचं दुसरं वाक्य आठवलं. "खाडाखोड बघायची असते त्यांना. मागून उजेडात धरून दिसेल?"

मधुशेठनं दाखला दाराच्या उजेडाला धरला. पाठ मोकळी झाली होती तेवढ्या भागात अक्षरं मागूनसुद्धा स्पष्ट दिसत होती. रबर फिरवल्याची पातळ जागा कुठं नव्हती. "दिसेल," तो म्हणाला. "नाही दिसली तर मॅडमला माझ्याकडे पाठव."

मागची पूर्ण साल सुटायला पाऊण तास लागला. शेवटचं बोटभर सुटलं तेव्हा बनूबाईनं ती सबंध, अखंड उचलून हवेत धरली, आणि पहिल्यांदा हसली. पुढचे दोन दात नव्हते तिला.

मधुशेठनं पैसे घेतले नाहीत. उलट वैष्णवीला एक जाड पुठ्ठ्याची फाईल दिली. "कागद इसमें रखने का. समजी? प्लास्टिक भेळेला ठीक."

शनिवारी सव्वादहाला म्हात्रे मॅडमनी दाखला उलटा केला. फुललेल्या पांढऱ्या पाठीवरून हात फिरवला. उठून खिडकीच्या उजेडात धरला, मागून, पुढून, बराच वेळ. मग त्यांनी शिक्का गादीवर दाबला आणि कागदावर टेकवला. शाई थोडी पसरली, शाळेच्या नावातलं एक अक्षर जाड झालं. पण धरली.

"कुणी सोललं हे?"

"आजीनं," वैष्णवी म्हणाली.

म्हात्रे मॅडमनी बनूबाईच्या हातांकडे बघितलं, मग पाटीकडे. "वाल आहेत का आज?"

"हायत की. मोडाचं."

"अर्धा किलो ठेवून जा. आणि तुम्ही," त्या शलाकाला म्हणाल्या, "ती तुमची वही म्हणे आहे. आठवीच्या जागांची. एक पान मला उतरवून द्या. लोक खिडकीवर येऊन मला विचारतात दुसरीकडे कुठं आहे म्हणून, मला काय माहीत?"

शलाकानं उतरवून दिलं. आणि त्या पानाच्या तळाशी, मॅडमना न विचारता, मोठ्या अक्षरात लिहिलं की मूळ दाखला लॅमिनेट करू नये. ती ओळ पुढं म्हात्रे मॅडमनी शाळेच्या सूचनाफलकावरही लावली.

उरलेल्या सहांपैकी दोघांना त्यांच्या शाळांनी काही न बोलता घेतलं. शिक्का वेगळ्या रजिस्टरात मारतात म्हणे. तिघांचे दाखले त्या रविवारी बेलवलीच्या ओटीवर सोलले गेले. द्रौपदीबाईंनी शेजारून कोळशाची इस्त्री आणली, मधुशेठकडून शिकून आलेली शलाका ती धरायची आणि बनूबाईचा अंगठा चालायचा. राजरत्न कामावरून आला, दारातच थांबला आणि म्हणाला, "आता माझं लाईट बिल पण मोकळं करा." सगळ्या बायका हसल्या. यशूनं सुटलेली एक प्लास्टिकची साल डोळ्यांवर धरली आणि सगळ्यांना त्यातून बघितलं.

वैष्णवी यंदा दहावीला आहे. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांची नावं ती आजीला सांगते, आणि बनूबाई ती नावं बेलवलीच्या दारोदार सांगत फिरते, निम्मी चुकीची. शलाकाची दुसरी वही भरली आहे; दर मे महिन्यात ओटीवर अजून चपला असतात आणि चहा अजून सासूकडूनच असतो. गॅसचा नॉब ती आता दोनदाच बघते.

पण त्या सहांतला एक दाखला राहिला. कैलासचा.

त्या सोमवारी ती कॅम्प तीनमध्ये त्याच्या खोलीवर गेली तर कुलूप. शेजारीण म्हणाली, कारखाना हलला, त्याबरोबर तेही गेले. अंबरनाथ म्हणत होते, की शहाड, नक्की आठवत नाही. मधुशेठनं गल्लीभर विचारलं. शलाकानं त्या वर्षी अंबरनाथ आणि उल्हासनगरातली मराठी हायस्कूलं पालथी घातली, आठवीच्या हजेरीत पद्मजा नावाच्या तीन मुली सापडल्या. तिघींपैकी कुणाच्याही वडिलांची बोटं निळी नव्हती. कदाचित त्यांच्या खिडकीवर शिक्का मागितलाच नसेल. कदाचित पोर आज दहावीचा अभ्यास करत बसली असेल, आणि शलाका उगाच झोपेतून उठून बसत असेल. तसं असेल तर फार बरं.

पण नसेल, तर त्या घरात एक चकचकीत दाखला असेल, पन्नास वर्षं काही न होणारा, आणि त्याच्यामुळं एक मुलगी घरी बसली असेल. म्हणून तुम्ही अंबरनाथच्या किंवा शहाडच्या बाजूला राहत असाल, तुमच्या चाळीत जीन्सच्या कारखान्यात जाणारा, बोटं निळी असलेला कैलास नावाचा माणूस असेल, तर एवढं करा. संध्याकाळी त्याच्या दारात जा, पाणी मागा हवं तर, आणि सहज विचारा: पद्मजा कितवीत आहे? उत्तर द्यायला त्यानं वेळ लावला, तर त्याला सांगा, दाखला सुटतो. बेलवलीत एक आजी आहे. पोरीला घेऊन ये.

आणि नुसतं सांगून परत येऊ नका. त्याच्याबरोबर या.